प्लास्टर निघाल्यानंतरचे उपचार



प्लास्टर निघाले की उपचार संपला, हा समज आपल्या पाथरी परिसरातही आढळतो. वास्तविक आखडलेला सांधा मोकळा करण्याचे काम तेथूनच सुरू होते. ऑस्ट्रेलियन भौतिकोपचारतज्ज्ञ जेफ्री मेटलंड यांनी हाताने द्यावयाच्या लयबद्ध हालचालींच्या चार श्रेणी मांडल्या : पहिल्या दोन वेदनाशमनार्थ, पुढील दोन ताठरपणा घालविण्यासाठी. याउलट दुखावलेले कोपर जोराने चोळल्यास स्नायूत हाड तयार होऊन ते कायमचे आखडू शकते. हाड जुळण्यापूर्वी सांधा ओढणेही घातकच.

हे काम प्रशिक्षित हातांचे व सबुरीचे आहे. देणगीदारांनी भौतिकोपचारतज्ज्ञांच्या वेतनास हातभार लावावा आणि आप्तांनी रुग्णास नेमल्या दिवशी न चुकता आणावे, ही नम्र विनंती. कापूस वेचणारा हात पुन्हा शेतात चालावा, एवढ्यासाठीच हा खटाटोप.