जुनी होडी कोठली?

(किनारपट्टीवरील शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



प्रारंभीच एका चुकीची कबुली देतो. काही वर्षांपूर्वी एका खाडीकाठच्या गावी देवळाच्या आवारात ठेवलेली जुनी होडी मला दाखविण्यात आली. गावकरी तिला शिवकालीन म्हणत. मीही फारशी चौकशी न करता माहितीपत्रकात तसेच छापून मोकळा झालो. पुढे गावातीलच एका वृद्ध सुताराने मला होडीच्या तळाशी नेले, अगदी खालच्या फळीतील खिळा उपटून हातावर ठेवला आणि म्हणाला, "साहेब, हा तारेचा खिळा. महाराजांच्या वेळी हा कुठला?" यंत्रावर ओढलेल्या तारेचे असे गोल खिळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धानंतर सर्वत्र पसरले. वरच्या फळीत तो सापडता तर दुरुस्तीचा म्हणून सोडून देता आला असता. म्हाताऱ्याने तो मुद्दाम तळातून काढला होता.

तेव्हापासून जुन्या होडीपुढे उभा राहिलो, की "किती जुनी?" हा प्रश्न मी मागे ठेवतो. "कोठली?" हा प्रश्न अधिक उपयोगाचा, आणि तो दिसतो तितका सोपाही नाही.

डेन्मार्कमधील एक उदाहरण पाहा. रॉस्किल्ड शहराच्या उत्तरेस स्कुल्डेलेव्ह येथे शत्रूची वाट अडविण्यासाठी अकराव्या शतकात खाडीत जहाजे बुडविण्यात आली होती. १९६२ साली पाण्याभोवती बांध घालून ती बाहेर काढली. प्रथम ती सहा वाटली. पुढे दोन अवशेष एकाच लांब युद्धनौकेचे निघाले व जहाजे पाच ठरली. सुमारे तीस मीटर लांबीची ही युद्धनौका डेन्मार्कच्या पाण्यात मिळाली, तेव्हा ती तेथलीच असावी असे कोणासही वाटेल. परंतु लाकडाने वेगळीच साक्ष दिली. झाड दरवर्षी एक वर्तुळ वाढविते. चांगल्या पावसाच्या वर्षी रुंद, वाईट वर्षी अरुंद. एका प्रदेशातील झाडांत हा क्रम सारखा असतो. या नौकेच्या ओक लाकडातील क्रम जुळला तो आयर्लंडमधील डब्लिन परिसराशी. झाडे १०४२ साली तोडलेली होती. अन्य काही फळ्या १०६० नंतरच्या दशकातील, म्हणजे दुरुस्तीच्या. या माहितीवरून बांधलेली प्रतिकृती २००७ साली समुद्रमार्गे डब्लिनला गेलीही.

आपल्याकडे सागाच्या झाडातही वार्षिक वर्तुळे दिसतात आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत त्यांचा अभ्यास झालेला आहे. मात्र एक सावधगिरी हवी. वर्तुळे झाड कोठे वाढले एवढेच सांगतात. होडी कोठे बांधली, हे सांगत नाहीत.

याचे उत्तम उदाहरण आपल्या मुंबईचेच आहे. इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका आजही तरंगते आहे. युद्धांमुळे इंग्लंडात ओकची टंचाई झाली होती, म्हणून ती मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली बांधली गेली व १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली. तिचे साग मलबारचे. नकाशे इंग्लंडहून आलेले, आणि तो घाट मुळात १७८२ साली इंग्रजांनी पकडलेल्या एका फ्रेंच जहाजावरून घेतलेला. शिवाय ती बरीच वर्षे 'फुद्रोआं' या दुसऱ्याच नावाने वावरली. मूळ नाव परत मिळाले १९९२ साली. केवळ लाकूड पाहणारा तिला मलबारची म्हणेल, घाट पाहणारा फ्रेंच म्हणेल, नाव वाचणारा आणखी काही. बांधणारे हात मुंबईचे होते, हे मात्र गोदीच्या दप्तरामुळे कळते.

शिवलेल्या होड्यांबाबतही असाच घोटाळा होतो. काथ्याच्या दोरीने फळ्या शिवलेल्या दिसल्या, की लोक लगेच हजार वर्षे मागे जातात. पोर्तुगीज येण्यापूर्वी पश्चिम किनाऱ्यावर ही रीत सर्रास होती हे खरे; पण गोवा, केरळ येथे ती अगदी अलीकडेपर्यंत टिकली. अजिंठ्याच्या चित्रातील जहाजावरून शिवून बांधलेली 'कौंडिण्य' नौका तर मे २०२५ मध्ये कारवार येथे नौदलात दाखल झाली. शिवण रीत सांगते, काळ सांगत नाही.

मग आपण काय पाहावे? फळीवरील करवतीच्या खुणा पाहाव्यात: गोल यंत्रकरवतीच्या खुणा कमानदार असतात, हातकरवतीच्या सरळ पण वेड्यावाकड्या, आणि वाकसाने तासलेल्या फळीवर उथळ खळगे राहतात. नोंदणी झालेल्या मोठ्या गलबताच्या मुख्य तुळईवर कोरलेला अनुक्रमांक शोधावा. तो सापडला तर बंदराच्या नोंदवहीपर्यंत पोहोचता येते. रंग खरवडून साफसफाई करण्याचा उत्साह कृपा करून आवरावा. खालच्या थरात जुने नाव किंवा क्रमांक असू शकतो, आणि शाळेच्या श्रमदानात तोच पहिल्यांदा जातो. आणि गावातील सुतार व तांडेल यांना आधी विचारावे, तज्ज्ञांना नंतर. मी नेमके उलट केले होते.

खाडीच्या चिखलात होडी सापडल्यास ती उन्हात ओढून काढू नये. शतकानुशतके भिजलेले लाकूड सुकताच आकसते व तडकते. ओली पोती टाकून ठेवावी, जागेवरच छायाचित्रे व मापे घ्यावीत आणि तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होऊ शकतो. म्हणून राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयासही पत्र जावे.

त्या देवळातील होडीचे पुढे काय झाले, असे कोणी विचारील. तिच्याजवळची पाटी आम्ही बदलली. गावकरी प्रथम नाराज झाले. नंतर त्याच सुताराच्या आठवणीतून ती कोणत्या घराण्याने बांधली व तिच्यातून कोणता माल जात असे, हे कळले आणि पाटीवर ते लिहिले गेले. आता आपल्यापैकी ज्यांनी आपल्या गावच्या होड्यांची छायाचित्रे आणली आहेत, त्यांनी ती पुढे द्यावीत.