सोबत कोणाची?

(चंदगड येथील महिला मेळाव्यातील भाषण)



मागच्या वर्षी मी आणि माझी एक मैत्रीण पाठीवर पिशव्या अडकवून पंधरा दिवस ओडिशात हिंडलो. भाषा येत नव्हती, ओळखीचं कुणी नव्हतं. एका लॉजवर विचारलं, "सोबत कोण आहे?" आम्ही दोघी तर समोरच उभ्या होतो! बाईला बाईची सोबत ही सोबतच नव्हे. खोली मिळाली नाही.

पंडिता रमाबाई आठवा. दुष्काळात आईवडील गेले. मग त्या भाऊ श्रीनिवासबरोबर पुराणं सांगत, उपाशीतापाशी, बहुतेक पायीच देश हिंडल्या. १८७८ साली कलकत्त्याला पोचल्या. भाऊ त्यांचा सोबती होता, राखणदार नव्हे. १८८० मध्ये तोही गेला. रमाबाई थांबल्या नाहीत. १८८३ साली इंग्लंडला, १८८६ साली अमेरिकेला गेल्या आणि परतल्यावर अमेरिकेवर मराठीत पुस्तक लिहिलं.

आपण घराबाहेर पडतो ते माहेरी, दवाखान्यात, नाहीतर जत्रेला. नुसतं जग बघायला कधी पडलो? "मला कोण नेईल?" हे आता पुरे. शेजारणीला विचारू या, "येतेस का?" सुरुवात आपल्या पारगडापासून करू.