गुलालाचा रंग कोण ठरवतं?

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)

मंडळी, खरी कॉर्नरचा कॅमेऱ्याचा स्तंभ आपण सगळेच येता-जाता पाहतो. बाबूराव पेंटरांनी १९१७ साली याच कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. कॅमेरा इथंच घडवला आणि १९२० साली त्यांचा 'सैरंध्री' पडद्यावर आला. त्या काळची फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळी होती. कपाळावरचं लालभडक कुंकू पडद्यावर काळं दिसायचं. म्हणजे आपल्या कॅमेऱ्याला काय दिसत नाही, हे छायाचित्रकाराला आधी ठाऊक असावं लागे. आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, पण त्याला काय दिसतं आणि तो स्वतःच्या मनानं काय ठरवतो, हे आपण विचारतच नाही. मला आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

परवा जोतिबाच्या चैत्र यात्रेत मी वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर होतो. सासनकाठ्या नाचत होत्या, 'चांगभलं'चा गजर चालला होता, गुलाल-खोबऱ्याची उधळण अशी की समोरचा माणूस दिसेना. मी फोननं फोटो काढला. घरी येऊन पाहतो तर गुलाल फिकट, विटलेल्या कापडासारखा, आणि सावलीतल्या दगडी पायऱ्यांवर हिरवट झाक. डोंगर तर डोळ्यांदेखत गुलाबी झाला होता!

असं का झालं? सेन्सरला मुळात रंग कळत नाही. त्याच्यावरचा प्रत्येक ठिपका फक्त किती उजेड पडला एवढंच मोजतो. म्हणून प्रत्येक ठिपक्यावर एक रंगीत काच बसवलेली असते: कुठं लाल, कुठं हिरवी, कुठं निळी. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बेयर यांनी ही मांडणी शोधली, १९७६ साली तिचं पेटंट मिळालं. तिच्यात हिरव्या काचा दुप्पट असतात, कारण उजेडाचे बारकावे माणसाचा डोळा हिरव्यातच सगळ्यात जास्त टिपतो. आता हिशेब करा. १ कोटी २० लाख ठिपक्यांच्या सेन्सरवर हिरवे ६० लाख, लाल ३० लाख, निळे ३० लाख. पण फोटोत प्रत्येक ठिपक्याला तिन्ही रंग लागतात, म्हणजे ३ कोटी ६० लाख आकडे. त्यातले १ कोटी २० लाख मोजलेले. उरलेले २ कोटी ४० लाख शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाजानं भरलेले. तुमच्या फोटोतला दोनतृतीयांश रंग हा अंदाज असतो. तो बहुतेक वेळा बरोबर येतो, ही त्या गणिताची थोरवी आहे.

खरी अडचण पुढं येते. ट्यूबलाइट, ऊन, बल्ब यांच्या उजेडाचा रंग वेगवेगळा असतो. तो वजा करायला कॅमेरा 'ऑटो व्हाइट बॅलन्स' वापरतो. त्यातलं सगळ्यात जुनं गृहीतक असं, की कुठल्याही दृश्यातले सगळे रंग एकत्र केले तर सरासरी करडी यायला हवी. आताचे कॅमेरे याहून हुशार आहेत, पण त्यांच्याही मनात पांढऱ्या वस्तूची एक कल्पना असतेच. जोतिबाच्या डोंगरावर त्या दिवशी सरासरी करडी नसते, गुलाबी असते. कॅमेऱ्याला वाटतं, हा दिव्याचा दोष. मग तो गुलाबी कमी करून हिरवा चढवतो. धोतर पांढरं असतं, असं तो धरून चालतो. आणि तिथं तर कुणाचंच धोतर पांढरं उरलेलं नसतं.

संध्याकाळी आणखी एक गोष्ट घडते. उजेड कमी झाला की सेन्सरच्या मोजणीत उगाचचे दाणे येतात, आणि ते पुसणारं गणित कॅमेऱ्यात असतं. हवेत तरंगणाऱ्या गुलालाचे कणही त्याला तसलेच दाणे वाटतात. ते पुसले जातात आणि हवा स्वच्छ दिसते. यात्रेतली हवा स्वच्छ दाखवणारा फोटो खोटा आहे, असं मी स्पष्ट म्हणतो.

मी या तंत्राच्या विरोधात नाही. रात्री रंकाळ्यावर फोन एकामागोमाग ९ फोटो घेऊन एकत्र करतो, तेव्हा ते दाणे साधारण एकतृतीयांशावर येतात. ही प्रामाणिक मोजणी आहे. पण जे मोजलंच नाही ते शिकवलेल्या नमुन्यांवरून भरायचं, ही वेगळी गोष्ट. चंद्र ओळखून त्याचे डाग ठळक करणाऱ्या फोनवरून २०२३ साली जगभर वाद झाला, तो याचसाठी.

सुदैवानं त्या दिवशी माझ्याकडं दुसरा कॅमेराही होता आणि त्यात रॉ फाइल होती. रॉ म्हणजे सेन्सरनं मोजलेले आकडे, जवळजवळ जसेच्या तसे. नेहमीच्या जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. १४ बिटांच्या रॉमध्ये १६,३८४. त्या फाइलीत व्हाइट बॅलन्स उन्हाचा धरला आणि गुलाल परत आला, धोतरांवरचासुद्धा.

तेव्हा पुढच्या चैत्रात डोंगरावर जाल, तर फोनच्या प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स ऑटोवरून काढा, दिवसा ५,५०० केल्विनच्या आसपास ठेवा. फोन रॉ देत असेल तर तीही फाइल ठेवा, पुसू नका. आपल्या नातवंडांना जोतिबाचा गुलाल त्याच्या खऱ्या रंगात दिसला पाहिजे.