मुंबईचे बिऱ्हाड नागपूरला



आपल्या वर्ध्याकडच्या गावांतून पुष्कळ माणसे मुंबईला गेली. कोणी गाडी चालवतो, कोणी गवंडी झाला, कोणी कारखान्यात लागला. तिथेच त्यांचा संसार झाला, मुले झाली. आता त्यांतलेच काही जण फोनवर म्हणतात, "बाबा, इथली खोली परवडत नाही. नागपुरात निम्म्या भाड्यात खोली मिळते. तिकडेच यावे म्हणतो." आईबापांना आनंद होतो. नागपूर म्हणजे आपल्या दारातलेच शहर. नातवंडे जवळ येतील. ते लगेच म्हणतात, "ये रे बाबा, ये."

'ये' म्हणण्यापूर्वी एक वही घ्या. लेकाला आणि सुनेलाही घ्यायला सांगा. तुम्हाला आता लिहिता येते, आकडे मांडता येतात. हे काम तोंडी करावयाचे नाही.

आपण एक कुटुंब मनात धरू. नवरा, बायको, आठवी झालेली मुलगी आणि चौथीतला मुलगा. नवरा मुंबईत टेम्पो चालवतो, त्याला महिन्याला २२,००० रुपये मिळतात. बायको चार घरी स्वयंपाक करते, तिला ८,००० मिळतात. मिळून ३०,००० झाले. आता खर्च. खोलीचे भाडे १०,०००. वीज आणि पाणी १,५००. किराणा, दूध, भाजी आणि गॅस ९,५००. जाण्यायेण्याचे १,५००. मुलांच्या शाळेचे आणि शिकवणीचे २,०००. कपडा आणि औषधपाणी १,५००. गावी आईबापांना २,०००. बेरीज करा. २८,००० होते. हाती राहतात २,०००.

हे आकडे मी समजण्यासाठी धरले आहेत. तुमच्या घरचे वेगळे असतील. ते तुम्ही घाला.

आता नागपूरचे पान. भाडे ५,०००. म्हणजे एकदम पाच हजार वाचले! इथेच माणूस वही मिटतो. पण मिटू नका, पुढे लिहा. टेम्पो चालवण्याचे नागपुरात २०,००० मिळतील असे धरू. बायकोला चार घरांचे काम मिळाले तर ६,०००. मिळकत झाली २६,०००. म्हणजे चार हजारांनी उतरली. किराणा किती स्वस्त होईल? भाजी थोडी स्वस्त पडेल. पण तेल, साखर, डाळ यांचा भाव शहर बदलले म्हणून निम्मा होत नाही. गॅसही निम्मा होत नाही. तिथे ८,५०० धरा. मुंबईत लोकलचा पास काढला की महिना जातो. नागपुरात मेट्रो आहे, बस आहे, पण ती प्रत्येक वस्तीत जात नाही. पेट्रोल घालावेच लागते, २,००० धरा. बापाची जुनी मोटारसायकल आहे म्हणून बरे, नाहीतर तोही खर्च आला असता. वीज आणि पाणी १,५००, मुलांचे १,५००, कपडा आणि औषध १,५००, आईबापांचे २,०००. एकूण २२,०००. हाती राहिले ४,०००.

मुंबईत दोन हजार राहत होते, नागपुरात चार हजार राहतील. फायदा आहे. पण तो भाड्यातला पाच हजारांचा नव्हे, तो दोन हजारांचा आहे. आणि तोही केव्हा? सुनेला काम मिळाले तर.

या ठिकाणी जरा थांबू या. पुष्कळ घरांत बाईच्या कमाईला 'वरखर्चाचे पैसे' म्हणतात. मला ते पटत नाही. नागपूरच्या पानावरून तिचे ६,००० खोडा आणि पाहा. मिळकत २०,०००, खर्च २२,०००. दरमहा दोन हजारांची तूट! म्हणजे सारे बिऱ्हाड तिच्या चार घरांच्या कामावर उभे आहे. मुंबईतली ती चार घरे तिने वर्षानुवर्षे विश्वासाने मिळवलेली असतात. तिथल्या बायका तिला घराची किल्ली देतात. नागपुरात तिला कोणी ओळखत नाही. एकेक घर पुन्हा शोधावे लागेल. म्हणून जावे की न जावे हे नवऱ्याने आणि सासऱ्याने फोनवर ठरवून नंतर तिला सांगणे बरोबर नाही. पहिल्यांदा तिला विचारा. 'तुला तिथे काम कुठे मिळेल? किती दिवसांत मिळेल? मुंबईतली कोणी बाई नागपुरातल्या ओळखीच्या घरी तुझे नाव सांगेल का?' तिचे उत्तर वहीत लिहा.

आता हलवण्याचा खर्च. मुंबई ते नागपूर रेल्वेने सुमारे ८४० किलोमीटर आहे. सामानाच्या ट्रकचे १८,००० धरा. हमाल, खोकी आणि दोऱ्या यांचे २,०००. चौघांची तिकिटे आणि रिक्षा ३,०००. जुना कूलर ४,०००. मुंबईच्या माणसाला हा खर्च सुचत नाही, पण नागपुरात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, हे तुम्हाला सांगायला नको. शाळेचा प्रवेश, पुस्तके आणि गणवेश ३,०००. नव्या घरातली किरकोळ खरेदी २,०००. झाले ३२,०००.

पण हा पुरता खर्च नव्हे. नागपुरात गेल्यावर नवऱ्याला काम मिळायला एक महिना लागला तर त्या महिन्याचे २२,००० गाठीचे जातील. पुढचे दोन महिने सुनेला काम नसेल, तर दोन-दोन हजारांची तूट, म्हणजे आणखी ४,०००. सगळे मिळून ५८,०००. शिवाय नव्या खोलीची अनामत, म्हणजे डिपॉझिट, १०,००० धरा. ते परत मिळणारे आहेत, पण आज हातात लागतातच. म्हणजे ६८,००० जवळ हवेत.

"पण मुंबईच्या मालकाकडे आमचे ४०,००० डिपॉझिट आहे," असे तो म्हणेल. आहे, पण ते किल्ली दिल्यावर मिळते. ट्रकचे पैसे त्याच्या आधी द्यावे लागतात. मालक वीजबिल कापतो, रंगाचे पैसे कापतो, 'आठ दिवसांनी ये' म्हणतो. न आलेला पैसा खर्चाला धरू नका.

५८,००० गेले आणि दरमहा मुंबईपेक्षा २,००० जास्त राहू लागले, तर गेलेला पैसा भरून यायला किती महिने लागतील? भागाकार करा. २९ महिने. जवळजवळ अडीच वर्षे. त्या अडीच वर्षांत 'स्वस्त' शहराने तुम्हाला एक रुपयाही दिलेला नसेल.

मग जाऊच नये काय? तसे मी म्हणत नाही. हे २९ महिने कमी करता येतात.

पहिली गोष्ट म्हणजे नवऱ्याने एकट्याने आधी एक फेरी करावी. चार दिवस नातेवाइकांकडे उतरावे, काम पक्के करावे, खोली पाहावी. या फेरीला २,००० लागतील, पण पहिल्या महिन्याचे २०,००० वाचतील. खोली दुपारी दोन वाजता पाहावी, सकाळी नव्हे. वर पत्रे असतील तर मे महिन्यात त्या खोलीत लेकरे कशी राहतील हे दुपारीच कळते. शेजारच्या बाईला विचारावे, 'नळ किती वाजता येतो? उन्हाळ्यात येतो का?' मोबाईलवर फोटो पाहून, खोली न पाहता कोणाला पैसे पाठवू नयेत. असे फसलेले लोक पुष्कळ आहेत. खोली ठरली की करार लेखी करा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे करार लेखी असावा लागतो, त्याची नोंदणी व्हावी लागते, आणि नोंदणी करण्याची जबाबदारी मालकाची आहे.

दुसरी गोष्ट सामानाची. लोखंडी कपाट, पलंग, जुना सोफा, हे सगळे ट्रकमधून न्यायचे कशाला? जड वस्तू मुंबईतच विका. नागपुरात जुना पलंग आणि कपाट ४,००० पर्यंत मिळाले, आणि उरलेले सामान दुसऱ्याच्या मालाबरोबर ६,००० मध्ये गेले, तर आठ हजार वाचले. आईने दिलेली पितळी भांडी मात्र न्या, बरं का! तिथे हिशेब नको. रेल्वेत स्लीपरच्या तिकिटावर माणशी ४० किलो सामान फुकट नेता येते, पाच ते बारा वर्षांच्या मुलाला त्याच्या निम्मे. जास्तीचे असेल तर स्टेशनच्या पार्सल ऑफिसात वजन करून पावती घ्यावी. तिकीट ६० दिवस आधी काढता येते. मे महिन्यात गर्दी फार, म्हणून पहिल्याच दिवशी काढा.

आता पुन्हा वजाबाकी करा. ५८,००० मधून सामानाचे ८,००० गेले, राहिले ५०,०००. कामाचे २०,००० गेले, राहिले ३०,०००. फेरीचे २,००० वाढले, झाले ३२,०००. दोन हजारांनी भागा. १६ महिने. एकोणतीसचे सोळा झाले.

ट्रकवाल्याशी बोलताना सावध असावे. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पुरा खुला झाला. तो ७०१ किलोमीटरचा आहे आणि त्यावर टोल आहे. 'टोल भाड्यात धरला आहे की वेगळा?' हे आधीच विचारा. काही लोक भाडे कमी सांगतात, सामान चढले की वाटेत पैसे वाढवतात, आणि दिल्याशिवाय माल उतरवीत नाहीत. म्हणून ठरलेले भाडे कागदावर घ्या, गाडीचा नंबर लिहून घ्या, आणि सगळे पैसे आधी देऊ नका. माल उतरल्यावर द्यायचे म्हणून मोठा भाग राखून ठेवा. खोक्यांवर १, २, ३ असे आकडे घाला आणि कोणत्या खोक्यात काय आहे ते वहीत लिहा.

कागदपत्रे ट्रकमध्ये कधीही टाकू नका. आधार, रेशनकार्ड, बँकेचे पुस्तक, जातीचा दाखला, शाळेचे दाखले, हे सगळे एका पिशवीत घालून ती पिशवी आपल्याजवळ ठेवा. रेशनकार्डाची काळजी नको. आता तेच कार्ड दुसऱ्या गावच्या रेशन दुकानात अंगठा लावून चालते. गॅसची भरलेली टाकी गाडीत किंवा रेल्वेत न्यायची नाही. रेल्वेत नेणे गुन्हा आहे. टाकी आणि रेग्युलेटर एजन्सीला परत द्या. ते कागद देतात आणि भरलेली अनामतही परत करतात. तो कागद दाखवून नागपुरात कनेक्शन घ्या. शेगडी तुमची, ती बरोबर न्या.

आणि मुलगी. ती आता नववीत जाईल. न्यायची असेल तर याच उन्हाळ्यात न्या. एक वर्ष थांबलात तर ती दहावीत असेल, आणि दहावीत शाळा बदलणे म्हणजे तिच्या परीक्षेशी खेळ. या उन्हाळ्यात जमत नसेल, तर सरळ तिची दहावी होऊ द्या, मग हला. पैशाची दोन वर्षे मागेपुढे झाली तर भरून येतात. मुलाचे एवढे अवघड नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे आठवीपर्यंत दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. मुलीचा दाखला मात्र मुंबई सोडण्यापूर्वी हातात घ्या. नाव, जन्मतारीख आणि जात नीट लिहिली आहे का ते तिथेच वाचून पाहा. आता तुम्हाला वाचता येते. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे मुंबईच्या मागून उघडतात, तेवढे दिवस हाताशी मिळतात.

खोली सोडण्याची सूचना करारात लिहिली असेल तितकी आधी द्या. बहुधा महिनाभराची असते. ती लेखी द्या. शेवटच्या दिवशी विजेच्या मीटरचा आकडा मालकासमोर लिहा, मोबाईलवर त्याचा फोटो काढा, रिकाम्या खोलीचाही काढा. राहिलेले बिल त्याच्यासमोर चुकते करा. डिपॉझिट बँकेत जमा झाल्याचा संदेश मोबाईलवर आला की मग किल्ली द्या. मालक म्हणाला, 'अर्धे आज, अर्धे पुढच्या महिन्यात,' तर राहिलेली रक्कम आणि तारीख कागदावर लिहून त्याची सही घ्या, आणि तो कागदही त्याच पिशवीत ठेवा.