बंद घरांचा रकाना



अध्यक्षपदाचा मान दिलात, आभारी आहे. स्वागताध्यक्षांनी माझ्याबद्दल जे सांगितले त्यातले निम्मे खरे नाही. कोणते निम्मे, ते जेवणाच्या पंगतीत सांगेन.

अध्यक्षाने महाविद्यालयांच्या गावातल्या कामाचा आढावा घ्यावा असा रिवाज आहे. घेतो. १९५२ साली जे. पी. नाईकांनी गारगोटीला मौनी विद्यापीठ उभे केले. १९६९ला, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, राष्ट्रीय सेवा योजना आली. २०१४ला उन्नत भारत अभियान आले आणि एकेका संस्थेच्या वाट्याला पाच-पाच गावे आली. झाला आढावा. आता तीस वर्षे पोटात ठेवलेली गोष्ट बोलतो.

आपण गावातून जे लिहून नेतो ते गावाला परत का देत नाही?

तक्रार माझ्यापासूनच सुरू करतो, म्हणजे कुणाला राग यायला नको. नव्वदच्या दशकात मी राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी होतो. याच पैठण तालुक्यातल्या एका गावात आम्ही ओळीने तीन वर्षे शिबिर घेतले. शिबिर उठल्यावरही चार पोरे महिन्याला सायकलवर जायची, विहिरीत दगड बांधलेली दोरी सोडायची आणि ओल कुठवर चढली ते मोजायची. कोणती विहीर संक्रांतीलाच आटते, कोणती मे महिन्यातही घागर भरते, सगळे वहीत. अहवाल बांधून घेतला. एक प्रत विद्यापीठाला गेली, एक आमच्या कपाटात राहिली. पुढे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाला नॅकची समिती आली तेव्हा विस्तारकार्याच्या तिसऱ्या निकषाखाली तोच अहवाल टेबलावर मांडला. समिती खूश झाली. अहवाल परत कपाटात गेला.

मग २०१२चा दुष्काळ आला. पैठण तालुक्यातल्या मोसंबीच्या बागा सरपणाला गेल्या, ते तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. मी त्या गावात गेलो. सरपंचांनी नवी सार्वजनिक विहीर दाखवली. खोल, बांधीव आणि कोरडी. ती आमच्या वहीतल्या संक्रांतीला आटणाऱ्या विहिरीपासून हाकेच्या अंतरावर होती. सरपंच म्हणाले, "सर, तुमच्या पोरांनी मोजलं होतं ना इथं?" मोजले होते. त्या गावात मी पुन्हा चहा घेतलेला नाही.

सकाळच्या सत्रात बरीच खडाजंगी झाली. सात दिवसांचे शिबिर पुरे की सत्रभराचे श्रेयांक हवेत? प्रश्नावली मोबाइलवर भरावी की कागदावर? मला दोन्ही बाजू सारख्याच निरर्थक वाटल्या. का, ते एका तांड्यावरच्या गोष्टीवरून सांगतो. तिथे आम्ही पहिल्यांदा, प्रायश्चित्त म्हणा हवे तर, सर्वेक्षण झाल्यावर पारावर बसून सगळे मोठ्याने वाचून दाखवले. एवढी घरे, एवढी जनावरे, एवढी बंद घरे. 'बंद घरे' म्हटल्याबरोबर मागून एक म्हातारी उठली. म्हणाली, "बंद न्हाईत बाबा ती. कोयत्याला गेलीत."

आमची शिबिरे डिसेंबर-जानेवारीत. ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या आगेमागे गाव सोडतात आणि गाळप संपून पट्टा पडल्यावर, चैत्र-वैशाखात परततात. म्हणजे गावातल्या सर्वांत गरीब घरांना आम्ही वर्षानुवर्षे 'बंद' या रकान्यात घालत होतो. ज्यांच्यासाठी सर्वेक्षण, तेच नेमके त्यात नाहीत! सात दिवस काय, सत्तर दिवस काय, वाचून दाखवले नसते तर हे आम्हाला कळले नसते. आणि हे कुठल्याही पीएच.डी.च्या मार्गदर्शकाने सांगितले नाही, म्हातारीने सांगितले.

हिवरे बाजारला पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडतात आणि त्यावरून कोणते पीक घ्यायचे ते ठरते. त्यात मोठे विज्ञान नाही. आकडा ज्याचा, त्याच्यासमोर तो वाचला जातो, एवढेच.

'दत्तक गाव' यातल्या 'दत्तक' या शब्दावरही माझा राग आहे. दत्तक कुणाला घेतात? ज्याला वारसा द्यायचा त्याला. आपण गावाला काय देतो? फ्लेक्स, आणि अक्षांश-रेखांश उमटलेला फोटो. तेही डांबरी सडकेवरच्या गावाला. एकाच गावात कृषीवाले, अभियांत्रिकीवाले, समाजकार्यवाले आपापली प्रश्नावली घेऊन येतात. चौथ्यांदा म्हशी मोजायला आलेल्या पोराला एक शेतकरी म्हणाला, "मागच्यांना इचारा की, तेवढ्याच हायेत."

आपण बसलो आहोत ते बिडकीन पाहा. औद्योगिक शहरासाठी इथली आठ हजार एकरांच्या आसपास जमीन गेली. मावेजा आला, कुणाचा टिकला, कुणाचा गेला. २०२४ला टोयोटा-किर्लोस्करने इथल्या पट्ट्यात कारखान्याचा करार केला. त्या कारखान्यात इथल्या पोरांना कोणते काम मिळणार, त्यासाठी काय शिकावे लागणार, हे कुठल्या ना कुठल्या महाविद्यालयाच्या प्रकल्पात लिहिलेले असणारच. ग्रामपंचायतीत ते आहे का? जायकवाडीचे पाणी याच वाटेने येते, फारोळ्याला शुद्ध होते आणि जिल्ह्याच्या शहराला जाते. आपली माहितीही त्याच दिशेने वाहते.

कार्यकारिणीने मला पुढील कामांची यादी द्यायला सांगितली होती. एका गावाची सर्व महाविद्यालयांत मिळून एकच नोंदवही असावी आणि ती ग्रामपंचायतीत राहावी. सडकेपासून आतली गावे वाटून घ्यावीत. कशी, ते कार्यकारिणीने ठरवावे. नियमावल्या लिहिण्याचा माझा हात आता राहिलेला नाही.

मला एकच मागायचे आहे. १ मेला ग्रामसभा असते. तोवर कोयतेवाले बहुतेक परतलेले असतात. उद्या महाविद्यालयात गेलात की कपाटाची किल्ली कुणाकडे आहे ते शिपायाला विचारा.