चिलापीचं कातडं

चिलापी ही आमच्या उजनी धरणातली गरिबाची मासळी. खवलं काढायची, तुकडे करायचे आणि कातड्यासकट कालवणात सोडायचे. इंग्रजी नाव तिलापिया, मूळ मुलूख आफ्रिका. तिच्याविषयी बोलायचं आहे, पण आधी आपाविषयी.

१९८४ साली स्टोव्हचा भडका उडाला आणि माझ्या थोरल्या बहिणीचा हात, खांदा भाजला. मी शाळकरी पोर. इस्पितळात रोज सकाळी पट्टी बदलत. जखमेला चिकटलेली पट्टी ओढली की नुकतं धरलेलं कोवळं कातडंही तिच्याबरोबर येई. भाजताना ओरडली नसेल एवढी आपा तेव्हा ओरडे. ड्रेसिंगच्या गाडीची चाकं वाजली की माझं मनगट घट्ट धरी. त्या चाकांची धास्ती मला अजून आहे.

ब्राझीलच्या फोर्तालेझा शहरातही मलम आणि रोजची पट्टी हीच रीत. दान केलेली मानवी त्वचा तिथे फार अपुरी. तिलापियाची शेती मात्र मोठी. मांस विकायचं, कातडं बहुतेक फेकायचं. एडमार मासिएल हे सर्जन आणि सेआरा विद्यापीठातले संशोधक यांनी तेच कातडं तपासलं. त्यात कोलॅजन भरपूर, ओलावाही चांगला. २०१६ पासून ते भाजलेल्या रुग्णांवर वापरलं गेलं. आधी ते धुऊन, रसायनांनी आणि किरणांनी निर्जंतुक करतात. (बाजारातून आणून घरी लावायची ही वस्तू नव्हे, हे ऐकून ठेवा.)

हे कातडं जखमेला घट्ट बसतं, आतला ओलावा जाऊ देत नाही, बाहेरचे जंतू येऊ देत नाही. वरवरच्या भाजण्यात दहाएक दिवस तसंच राहतं. ते आपल्या अंगात रुजत नाही. खाली आपली त्वचा भरली की सुकलेलं कातडं अलगद सोडवतात. फार खोल जखमेला रोपणच लागतं, तिथे मासा पुरा पडत नाही.

कॅलिफोर्नियात २०१७ च्या वणव्यात होरपळलेल्या अस्वलांच्या पंजांनाही हेच बांधलं. अस्वलानं पट्टी चावून खाल्ली तरी मासाच पोटात जाणार!

हे सगळं मी आपाला सांगितलं. ती चिलापीच साफ करत होती.

"वास येत नसेल?"

"साफ करताना जातो म्हणे."

"आणि रोज सोडवत नाहीत?"

"नाही. दहा-दहा दिवस."

"दहा दिवस," ती म्हणाली. हातातलं खवलं तिनं उगाच उलटसुलट करून पाहिलं.