गोधडीचें देणें



आजच्या भाषणाचा विषय गोधडी. ऐकून आपल्यापैकीं कित्येकांस हसूं येईल. शहरांत दिवाणावर सोलापुरी चादर असते, थंडीला ब्लँकेट असतें, आणि गोधडी असलीच तर माळ्यावरच्या ट्रंकेंत. तरीहि हा विषय मीं मागून घेतला. कारण संकटांत सांपडलेल्या घरास काय द्यावें हा प्रश्न आपणां सर्वांस केव्हांना केव्हां पडतो, आणि आमच्या पारोळ्याच्या बायकांजवळ त्याचें चांगलें उत्तर आहे.

पारोळा हें धुळें व जळगांव यांच्या दरम्यान हमरस्त्यावरचें गांव. सभोंवार कपाशीचें रान. पण कपाशी पिकविणाऱ्याच्या घरीं कापसाची रजई क्वचितच दिसावयाची. कापूस जातो बाजारांत. वर्षाचें देणें त्यांतूनच फिटावयाचें. त्याच्या अंगावर येते ती गोधडी. वर-खालीं जुनीं सुती लुगडीं, आंत फाटकीं धोतरें, मुलांचे सदरे, हातीं लागतील त्या चिंध्या. बायका कडेपासून आंत टांके घालीत येतात. आंतल्या चिंध्या सरकूं नयेत म्हणून दोन ओळींत बोटभरच अंतर ठेवतात. एकटीला हें काम कित्येक दिवस पुरतें. चौघी बसल्या तर लवकर उरकतें, आणि गोष्टीहि होतात.

आमच्या आळींत एका घरचा कर्ता पुरुष ऐन वेंचणीच्या दिवसांत वारला. मागें बायको, दोन मुली आणि कर्ज. तेराव्यानंतर शेजारणी त्या घरीं गेल्या. त्यांनीं त्याचींच दोन धोतरें मागून घेतलीं, आपापल्या घरचें जुनें कापड त्यांत घातलें, आणि तिच्याच ओसरीवर शिवावयास बसल्या. तीन दिवस ती बाई एक अक्षर बोलली नाहीं. चौथ्या दिवशीं तिनें सुई मागितली. पैशाची गरज नव्हती असें मी म्हणत नाहीं. पैसेहि मागाहून जमवून दिले गेले. पण पैसे घेतांना तिची मान खालीं गेली होती, गोधडी घेतांना गेली नाहीं.

आपण सुशिक्षित लोक संकटग्रस्तांस जुने कपडे देतों. त्यांत पुष्कळदां आपलें कपाट मोकळें करण्याचाच हेतु असतो. २००४ सालच्या त्सुनामीनंतर तामिळनाडूंत असे निरुपयोगी कपडे इतके येऊन पडले कीं ते निवडण्याचें व मार्गी लावण्याचें काम ‘गूंज’ या संस्थेला करावें लागलें. अंशु गुप्ता यांनीं १९९९ सालीं ही संस्था काढली. २०१५ सालीं त्यांस मॅगसेसे पारितोषिक मिळालें. अगदींच वापरण्याजोगें न उरलेल्या कापडाची ही संस्था सुजनी, म्हणजे आपली गोधडीच, शिववून घेते. चिंधी तीच, पण तींत कोणाच्या तरी दुपारी गेलेल्या असतात, आणि घेणाऱ्यास तें टांक्यांवरून दिसतें.

म्हणून ओबडधोबड शिवून ‘गरिबाला चालेल’ म्हणणें मला पटत नाहीं. उत्तर कन्नड जिल्ह्यांत हल्याळ, यल्लापूर या बाजूस सिद्दी समाजाच्या बायका ‘कवंदी’ नांवाची गोधडी शिवतात. तिच्या चारहि कोपऱ्यांस कापडाच्या घड्यांचीं फुलें लावतात. तीं नसतील तर कवंदी उघडी राहिली असें त्या मानतात. त्या फुलांनीं ऊब कांहीं वाढत नाहीं!

कोणी शिवावयास बसणार असेल तर दोन-तीन गोष्टी सांगतों. कापड सुतीच घ्यावें. नायलॉनची साडी दिसावयास झकपक, पण अंगावरून घसरते आणि घाम टिपीत नाहीं. पुराच्या मुलखांत द्यावयाची असेल तर थर कमी ठेवावे. जाड गोधडी भिजली म्हणजे दोघांनाहि पिळवत नाहीं, आणि पावसाळ्यांत ती वाळत तर मुळींच नाहीं. शिवून झाल्यावर धुऊन, कडक उन्हांत दोन दिवस घालावी. गड्याबरोबर पाठवूं नये. स्वतः नेऊन द्यावी. बसा म्हणाले तर बसावें, आणि चहा पुढें केला तर तो घ्यावा.